किरकोळ

हॉल दोन लाख चाळीस हजार.
मला आकडा असा कळत नाही.
पोळीमागे दोन रुपये सुटतात,
दिवसाला चारशे लाटते,
म्हणजे हॉल तीनशे दिवसांचा.
अर्धा धरला तर दीडशे:
पाडव्याला तवा ठेवायचा
आणि गणपतीला उतरवायचा,
तेही एका संध्याकाळच्या एसीसाठी.

तेजल म्हणते, आई, असं नको मोजूस.
तिच्या लॅपटॉपवर रंगीत रकाने आहेत,
त्यांचे निळे, आमचे पिवळे,
आणि जे कुणाचेच नाहीत ते पांढरे.

रविवारी कोपरखैरण्याहून निघालो,
घणसोली, रबाळे, दिघा, कळवा नाका,
पुढे कोलशेत.
बाविसाव्या मजल्यावर
निनादच्या काकांनी आधी खाडी दाखवली,
मग सोफा.
"सगळं निम्मं-निम्मं," ते म्हणाले,
"जुना काळ गेला. देणं नाही, घेणं नाही."
संपतदादा मान हलवून मोकळा.
माझा भाऊ मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलतो,
पण बाविसाव्या मजल्यावर
त्याला एक शब्द उचलेना.

निम्मं. ऐकायला किती सरळ,
मधोमध मोडलेल्या भाकरीसारखं.
पण त्यांची माणसं चारशे वीस, आमची एकशे ऐंशी,
ताट साडेपाचशेचं,
आणि फोटोवाला त्यांच्या ओळखीतला,
म्हणजे महाग.

मी म्हटलं, "ज्याची माणसं, त्याची ताटं."
काका हसले. "वहिनी, लग्नात कुणी ताटं मोजतं का?"
"मी मोजते," मी म्हटलं,
"तेवीस वर्षं डबेच मोजतेय.
एक कमी पडला तर कुणाचं तरी पोरगं उपाशी झोपतं,
एक जास्त झाला तर मी शिळं खाते."

पंखा नव्हता त्या घरात,
नाहीतर त्याचा तरी आवाज झाला असता.
तेजलनं पायानं माझा पाय दाबला.
थांब म्हणून, की बोल म्हणून,
मला अजून कळलेलं नाही.

"बरं, ताटं माणसांप्रमाणे," काका म्हणाले,
"बाकी काय, किरकोळच.
ते रीतीप्रमाणे मुलीकडून."
रुखवत, मानपान, ओटीचे खण,
भटजी, वाजंत्री, पाय धुवायचं घंगाळ,
विहिणीची साडी, करवलीची साडी,
काकूंची साडी, काकूंच्या बहिणीची
पांढऱ्या रकान्यात ओळी खाली सरकत गेल्या,
स्क्रीन संपली तरी संपेनात.

निनादची आई चहाचा ट्रे घेऊन
दारातच थांबलेली. सगळा वेळ गप्प.
म्हणाली, "माझ्या लग्नात
आमच्या अण्णांनी किरकोळसाठी म्हैस विकली होती.
दुभती."
ट्रे टीपॉयवर ठेवला.
"किरकोळ आमच्याकडे लिही गं. निळ्यात."

काका म्हणाले, चहात साखर नाही.
साखर होती. मी तोच चहा प्यायले.
निनाद इतका वेळ गालिच्याकडे बघत होता,
त्यानं वर पाहिलं. आईकडे, तेजलकडे नाही.
ते मी लक्षात ठेवलंय.

परतताना बसमध्ये संपतदादा म्हणाला, "मिटलं."
काय मिटलं?
हॉलचे अर्धे आहेतच, सोनं आहे,
तेजल म्हणते कर्ज काढते,
मी म्हणते काढलंस तर लग्नाला येणार नाही,
दिघ्यापासून हेच चाललंय.

"एक मात्र पक्कं लिही," मी तिला सांगितलं,
"पिवळ्यात, पांढऱ्यात, कुठेही.
त्या दिवशी मी पोळपाटाला हात लावणार नाही.
कॅटररची पोळी कच्ची असो, करपलेली असो,
मी बसून खाणार, पहिल्या पंगतीत.
मुलीच्या आईनं शेवटी जेवायचं असतं म्हणे.
शेवटी जेवतेच आहे की तेवीस वर्षं."

तिनं लिहिलं. पुढे रक्कम टाकली नाही.

उद्याला अकरा किलो पीठ लागेल,
गिरणी नऊला बंद होते,
आणि बस अजून रबाळ्यालाच.